एका हाताने घालायचं ब्लाउज

त्या दुपारी मी इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात एका कापडवाल्याच्या स्टॉलवर उभी होते. हातात पांढऱ्या सुती कापडाचं टोक होतं आणि मी ते गालाला लावून बघत होते, कारण जीजाजींनी तसंच बजावलं होतं. "रेखा, हाताला सब कपडा नरमच लागतो. गालाला लावून बघ, मग घे." कापडवाला माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होता. तेवढ्यात फोन वाजला. भाची प्रणाली होती. "मावशी, तू घरी ये. पप्पा उठत नाहीयेत..." मी सुदामा नगरला त्यांच्या घरी पोहोचले तोवर गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते. जेवण झालं, दहा मिनिटं पडतो म्हणाले, आणि तेवढंच. मेळ्यातून मी कशी निघाले, कापडाचं काय केलं, काही आठवत नाही. दोन दिवसांनी स्कूटरची डिक्की उघडली तर ते कापड व्यवस्थित घडी घालून आत होतं.

यशवंत जीजाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालिनीताईचे यजमान. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत बहिणीचा नवरा जीजाजीच असतो, तिथे भावजी वगैरे कुणी म्हणत नाही. त्यांचे आजोबा फौजेबरोबर महूला आले आणि तिथलेच झाले. नातवाने फौज काही धरली नाही, विजेचं काम धरलं, आणि सिमरोलच्या कॉलेज कॅम्पसमध्ये वीजविभागाचा सुपरवायझर म्हणून तो रिटायर झाला. पण चाल फौजेचीच राहिली. दूध आणायला जातानासुद्धा पँटला इस्त्री. उंच, रुंद, मिशा कात्रीने सारख्या केलेल्या. ज्या वस्तूला स्क्रू आहे ती आपल्या अखत्यारीत येते, अशी त्यांची पक्की समजूत होती. मिक्सर, गीझर, शेजाऱ्यांची मोटर, सगळं ते न विचारता उघडत. कापडाला मात्र स्क्रू नसतो, त्यामुळे त्या प्रांतात ते कधी शिरले नव्हते. स्वतःची चादर घडी करतानाही त्याचं गाठोडं व्हायचं.

आणि ताई अगदी उलट. मुलींच्या शाळेत तिने सगळी नोकरी काढली ती कडक खळ घातलेल्या साड्यांत. पिन कुठे लावली आहे हे तिच्या साडीकडे बघून कधी कळलं नाही. अशा बाईला लकवा झाला. बोलणं परत आलं, पाय बऱ्यापैकी आला, उजवा हात मात्र आला नाही. साडी सुटली, ब्लाउज सुटलं, मॅक्सी आली. सुरुवातीला प्रणाली तिला कपडे घालून द्यायची. एकदा जवळच्या नात्यातल्या लग्नाला तिला असंच तयार करून नेलं. परत आल्यावर ताई मला म्हणाली, "आज मला कपडे घातले गेले, रेखा. मी घातले नाहीत." त्यानंतर ती घराबाहेर पडलीच नाही. विहारातल्या बायका भेटायला आल्या तर आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग करायची. चौदा एप्रिलला, जयंतीला महूला जाणं तिने जन्मात चुकवलं नव्हतं, त्या वर्षी तेही चुकलं. आम्ही समजावलं, रागावलो, प्रणाली रडली. ताईचं एकच म्हणणं... "माझे कपडे मी घालेन, नाहीतर मी घरीच बरी." चौकातल्या टेलरला जीजाजींनी घरी बोलावलं, तर तो माप न घेताच म्हणाला, "भाभीजी को मैक्सी ही ठीक है, साब." जीजाजींनी त्याला चहा पाजला आणि परत कधी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. मी घरी शिवणकाम करते, पंचवीस-तीस वर्षांपासून, आणि गल्लीतल्या पोरींना शिकवतेही. म्हणाले, "रेखा, मला शिवणं शिकव."

मी आधी हसले. मग त्यांचं तोंड बघितलं. "जीजाजी, काय पाहिजे ते सांगा, मी शिवून देते ना."

"तू एक शिवशील. ते नाही जमलं तर दुसरं शिवशील. मग दर वेळी तिला घालून बघ, काढून बघ... ती करेल तुझ्यासमोर? तिला कुणाकडे मागायचं नाहीये, यासाठीच तर सगळं चाललंय यार. घरातलं घरात झालं पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "सीधा बोल, किती टाइम लागेल?"

मी म्हटलं, तुमच्या हाताकडे बघून सांगते. ते हात म्हणजे फावडी होती.

आमच्या आईचं पायाचं मशीन माझ्याकडे पडून होतं, ते त्यांच्या हॉलमध्ये नेऊन ठेवलं. पहिल्या दिवशी शिकवणी झालीच नाही, कारण मी पोहोचायच्या आधी साहेबांनी मशीन पूर्ण उघडून वर्तमानपत्रावर मांडलं होतं. प्रत्येक भाग रॉकेलने पुसला, तेल दिलं, परत जोडलं. आईच्या हयातीत ते मशीन इतकं हलकं चाललं नसेल. मग मी त्यांना दोरा न ओवता, रेघांच्या कागदावर सुई चालवायला बसवलं. नवशिक्याचा पाय पॅडलवर बसत नाही, चाक मध्येच उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. त्यांचं तर दर दोन मिनिटांनी उलटं फिरायचं. "फेज उलटी लागली!" असं ओरडायचे, जसं काही मशीनमध्येच करंट होता. आतल्या खोलीतून ताईचा आवाज यायचा, "अहो, पाय हळू." तेवढंच बोलायची, पण बोलायची.

पहिला उशीचा अभ्रा शिवला तो इतका नेमका की उशी आत जाईना. मी म्हटलं, शिलाईसाठी कापड जास्त सोडावं लागतं, त्याला माया म्हणतात. "ड्रॉइंगमध्ये असली चीज नसते," म्हणाले, आणि दुसऱ्या अभ्र्यात एवढी सोडली की त्यात दोन उशा मावल्या असत्या. सकाळी पोह्यांच्या दुकानावर त्यांची मित्रमंडळी जमत. तिथे बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. "क्या भिया, दर्जी की दुकान खोल ली?" कुणीतरी विचारलं. जीजाजींनी जलेबी संपवली आणि सांगितलं, "खोली नी है भिया, अभी तो सीख रिया हूँ. तेरे पजामे से शुरू करूँ?" दुसरा कुणी असता तर मशीनवर चादर टाकून, दार लावून शिवत बसला असता. यांनी मशीन हॉलच्या खिडकीपाशी ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

अभ्रे, पिशव्या, परकर असं करत ते ब्लाउजवर आले. ठरलं होतं असं, की ताईचा डावा हात आणि डोकं आत गेलं की उजवी बाजू सगळी मोकळी राहावी, खांद्यापासून कमरेपर्यंत पुढून उघडी, आणि ती डाव्या हाताने टिच बटणं दाबून बंद करता यावी. त्यांनी ताईला समोर उभं करून माप घेतलं, कागदावर चित्र काढलं, पांढरं कापड कापलं, आठवडाभर खपून शिवलं. आणि उघडी बाजू आली डावीकडे! मला कळेना असं झालं कसं. मग त्यांचा कागद बघितला. आयुष्यभर त्यांनी बिजलीचे पॅनल समोरून बघून काढले. बायकोही त्यांनी पॅनलसारखीच काढली होती, समोरून जशी दिसते तशी. तिची उजवी बाजू कागदावर त्यांच्या डाव्या हाताला होती, आणि त्यांनी ती डावी म्हणून कापली. मी म्हटलं, कापडाला उलट-सुलट नाही, ब्लाउज उलटं करून घालू द्या, बाजू बरोबर येईल. "शिलाया बाहेर? ती महूला जाणार आहे ते घालून," ते म्हणाले. ताई महूला जाणार आहे हे ताईला तोवर माहीत नव्हतं.

दुसरं ब्लाउज बरोबर बाजूने शिवलं. तरी ताईला ते घालता येईना. दार लावून आत गेली, बराच वेळ गेला, आणि बाहेर आली ती मॅक्सीतच. काय अडलं ते सांगेना. "नाही जमत. सोडा आता." त्या दिवशी जीजाजी खिडकीपाशी नुसते बसून राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

दोन-तीन दिवसांनी मी गेले तर हॉलमध्ये कुणी नाही, आतून विचित्र आवाज. डोकावले. जीजाजींनी फुलाफुलांच्या जुन्या चादरीचं, स्वतःच्या मापाचं ब्लाउज शिवलं होतं. उजवा हात टॉवेलने अंगाशी करकचून बांधलेला. आणि आरशासमोर उभं राहून ते ब्लाउज एका हाताने अंगात घालायची खटपट चाललेली. डोकं आत, हात कुठे तरी वर, मिशा गळ्यातून बाहेर आलेल्या... आवाज आला, "कोण, रेखा? मी अडकलो."

मी काही करायच्या आधी पलंगावरून ताई हसली. लकवा झाल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. तोंड एका बाजूला जरा वाकडं झालेलं, डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबेना. मग ती एकदम मास्तरीण झाली. "अहो, आधी डोकं नाही, आधी हात! हात कोपरापर्यंत जाऊ द्या... हं. आता डोकं. आता बटण दाबा बघू." त्यांनी दाबून बघितलं. बटण बगलेखाली होतं, तिथे त्यांचाही डावा हात पोचेना. पोचला तरी मऊ जागेवर ते बटण दबेना. "हेच," ताई म्हणाली. "मला हेच होतं. पुढे घ्या ते, बरगडीवर. खाली टणक लागलं तर दबेल. आणि मोठं बटण घ्या." टॉवेल बांधलेलाच ठेवून जीजाजींनी दातांत स्केचपेन धरून त्याचं टोपण काढलं, आणि ताईने सांगितलं तिथे स्वतःच्या अंगावर खूण केली. नवऱ्याला लोक काय काय म्हणतात, देव म्हणतात, धनी म्हणतात. मी त्या दिवशी फुलाफुलांच्या ब्लाउजमधल्या त्या धिप्पाड माणसाकडे बघितलं आणि मला माझ्या बहिणीचा हेवा वाटला.

त्यानंतरची शिवणकला त्या दोघांची. ती पलंगावरून सांगायची, ते शिवायचे, मी फक्त चहा प्यायला जात असे. निऱ्या आधीच शिवून कमरेच्या पट्टीवर बसवलेली साडीही त्यांनी केली. गेल्या जयंतीला आम्ही महूला गेलो तेव्हा ताई पांढऱ्या साडीत, पांढऱ्या ब्लाउजमध्ये होती. त्या गर्दीत सगळेच पांढऱ्या कपड्यांत, त्यामुळे कुणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नाही. जीजाजींना मात्र तेवढंच हवं होतं. एक बाई ताईशी बराच वेळ बोलली, घरचं सगळं विचारलं, पण ब्लाउजबद्दल काही विचारलं नाही. ती गेल्यावर जीजाजी माझ्या कानाशी म्हणाले, "बघितलंस? पास झालो."

रोज सकाळी मग एक रीत पडली. ताई कपडे घेऊन खोलीत जायची, दार लोटून घ्यायची. जीजाजी बाहेर, दाराकडे पाठ करून उभे. कुणी आलं तर हाताने थांबवायचे. आतून टिच बटणांचा आवाज यायचा, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरं. त्यांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं असायचं. एखादं बटण लागायला फार वेळ लागला तरी आत जायचे नाहीत. शेवटचं वाजलं की विचारायचे, "झालं?" आतून यायचं, "झालं." मग ते, जसं काही आत्ताच इथे आलो, असे चालू लागायचे.

जीजाजींच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. महूहून सगळे आले होते. तयार व्हायची वेळ झाली तशा नात्यातल्या दोघी-तिघी उठल्या. "चल शालू, आम्ही घालून देतो, आज तरी हट्ट नको." ताईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. पांढरं ब्लाउज आणि साडी डाव्या हातावर टाकली, खोलीत गेली, दार लोटलं. एक जण दाराकडे निघाली तशी मी मध्ये उभी राहिले. दाराकडे पाठ करून. मला वेगळं काही सुचलंच नाही. हॉलमध्ये खिडकीपाशी मशीन होतं, त्यावर फुलाफुलांच्या चादरीचे तुकडे अजून तसेच पडलेले. बायका कुजबुजत होत्या, मग त्याही गप्प झाल्या. आतून आवाज आला, टिच. मग बराच वेळ काही नाही. प्रणालीने माझा हात धरला. टिच. परत शांत... इतका वेळ की मला मागे वळावंसं वाटलं. वळले नाही. मग शेवटचं बटण वाजलं.

कुणीच काही विचारलं नाही.

आतून ताई म्हणाली, "झालं."