आमच्या ताटात काठाळचं मीठ

लेखक मंडळी, सुरतजवळच्या उधन्याच्या सायबर कॅफेतून लिहिते आहे. दुपारी जेवताना जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या कादंबरीतला काठाळ देश तुम्हाला ठाऊक आहे. तिथे जादू करणाऱ्या बाईला दिवस मावळेपर्यंत मिठाची चव कळत नाही. म्हणून तिच्या हातचं जेवण अळणी झालं तरी कुणी नावं ठेवत नाही. मुकाट्याने मीठ पुढे सरकवायचं, अशी तिथली चाल आहे.

‘जादू पटते, माणसं पटत नाहीत,’ असं माझी प्रकरणं वाचून तुम्ही मला कळवलं होतं. ते मनाला लागलं. तेव्हापासून माणसं पटतात का हे बघायला मी रोज संध्याकाळी आईला आणि वहिनीला काठाळच्या गोष्टी सांगते.

आज वहिनीने केलेलं भरीत अळणी झालं. एरवी आईने पहिल्याच घासाला टोमणा मारला असता. आज तिने मिठाची वाटी हळूच दादापुढे सरकवली आणि जादू करून आलीस का, असं आमच्या अहिराणीत वहिनीला विचारलं, “का वं, आज जादू करीसन उनी का?”

“मग? तुमचा मुलगा सुटीच्या दिवशी घरी बसलाय, ती कुणाची जादू?” वहिनी म्हणाली.

दादाने मान खाली घालून मीठ घेतलं.

माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. ही चाल मी रचली आहे, हे तिघंही विसरले होते. आजवर कुणाच्या कौतुकाने मला इतका अभिमान वाटला नव्हता.

तुम्ही रचलेल्या जगातली कोणती चाल तुमच्या घरात पाळली जाते?