कडूबाईला न्यायला आलेली कमल

माकणीच्या कडूबाईला पंचमीचा सण नकोसा व्हायचा. गावातल्या सुनांना माहेरी न्यायला कुणाचा बाप, कुणाचा भाऊ मुराळी म्हणून यायचा. हिच्या दारात कुत्रंही फिरकत नसे. बाप बब्रुवान बैलांच्या व्यापाऱ्यांबरोबर बाजारामागून बाजार हिंडणारा. कडूबाई पोटात असतानाच तिच्या आईला टाकून त्यानं उमरग्यात दुसरं घर केलं. आई झुरून मेली, मामानं लग्न लावून हात झटकले. "आमच्या सुनंचं म्हायेर आभाळात हाय," असं सासू आल्यागेल्याला सांगायची. कडूबाई ऐकून घ्यायची. करते काय बिचारी!

बब्रुवान मेला त्याला वर्ष उलटलं. रझाकारांचा धुमाकूळ अजून सुरू व्हायचा होता. बाईमाणूस एकटं गाडी हाकू शके. पंचमीच्या तोंडावर दारात बैलगाडी थांबली. कासरा धरून बसली होती कमल, बब्रुवानची उमरग्याची लेक. नवरा वारल्यावर ती आईपाशी राहून शेत कसत होती.

"अक्काला न्यायला आले," ती म्हणाली.

सासू कडाडली, "बाई कुठं मुराळी असती व्हय? त्यात रांडमुंड!"

"मग कुणाला धाडू, मावशी? बापाला पोरगा न्हाय."

कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा बाप तुमी घेतला. आता म्हायेर दावायला आलीस व्हय?"

"आमाला तरी कुठं गावला त्यो? सणासुदीला फिरकायचा न्हाय. मेला तवाबी बाजारातच व्हता. आमी निस्ती राख बघितली," कमल म्हणाली. "येऊ वाटंना तर ऱ्हाऊ दे. म्या पुढल्या पंचमीला परत येते."

इतकी वर्षं कडूबाईला वाटत होतं, तिकडं बापानं लेकीला मांडीवर खेळवलं असेल. तिकडंही सगळी बोंबच होती. राग धरावा तरी कुणावर? तिनं आत जाऊन लुगड्यांचं बोचकं बांधलं आणि सासूच्या पाया पडली. "आत्याबाई, जाऊन येते." सासूनं काही बोलायच्या आत ती गाडीत बसली होती.

उमरग्यात उतरल्यावर बोचकं काखेत मारून ती थेट दारातून आत निघाली. कमलनं दंड धरला.

"थांब की गं अक्का!"

कमलची आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. सासरहून आलेल्या लेकीवरून तुकडा ओवाळून टाकतात, हे कडूबाईनं शेजारणींच्या दारात कितीदा पाहिलं होतं. पण आपल्यालाही दारात थांबायचं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हातारीनं तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. "ये बाई, आत ये," म्हणाली. कडूबाई तिथंच कमलच्या गळ्यात पडली आणि हेल काढून रडली.