मुख्याध्यापकांचा पासवर्ड

अमडापूरकडच्या एका शाळेत मी संगणक शिकवतो. आमच्या सगळ्या संगणकांवर लिनक्स आहे. एकदा मुख्याध्यापक सहज संगणकाच्या खोलीत डोकावले, तर भूगोलाचे सर पत्त्यांचा डाव मांडून बसलेले. खेळ त्यांनीच इंटरनेटवरून उतरवला होता.

त्यांना कोणी काही बोललं नाही. बोलावणं मला आलं.

"सर, उद्या कोणी व्हायरस आणून टाकन, मंग? इचारल्याबिगर एकबी सॉफ्टवेअर आत नाही आलं पाह्यजे."

मला ते मनापासून पटलं. मी सगळ्यांचे अधिकार काढून घेतले. नवीन काही बसवायचं तर आता एकच खातं, एकच पासवर्ड.

स्टाफरूममध्ये निर्णयाचं स्वागत झालं. मग एकेक जण मला बाजूला घेऊ लागला. गणिताच्या बाई म्हणाल्या, "बाकीच्याइचं बंदच ठेवा सर. माह्यं तेवढं चालू करून द्या." भूगोलाच्या सरांनी तर पत्त्यांनी एकाग्रता कशी वाढते ते समजावलं. मी कोणालाच बधलो नाही, म्हणून सगळे मुख्याध्यापकांकडे गेले.

"पासवर्ड माह्याजवळ राहू द्या," मुख्याध्यापक मला म्हणाले. "तुमी भोळे मानूस, कोणालेबी देऊन टाकसान. करा भिताडाकडं तोंड."

मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी नवा पासवर्ड टाकला.

पुढे शाळेची तपासणी आली आणि नेमका तेव्हाच नवा प्रिंटर आला. त्याचं सॉफ्टवेअर बसवायचं, तर मुख्याध्यापक साहेबांना पासवर्ड आठवेना. लेकीचं नाव झालं, गावाचं झालं, म्हशीचंही झालं. शेवटी त्यांनी घरी फोन लावला, तोही स्पीकरवर.

"अवं, मी पासवर्ड काय ठेवला असन?"

"मले काय माहीत? माह्यं नाव टाकून पाह्यलं काय?"

साहेबांनी घाईघाईनं ते टाकलं. तेही चुकीचं निघालं.

मग मी संगणक बंद करून चालू केला, दुरुस्तीच्या मेनूत शिरलो आणि नवा पासवर्ड ठेवला. प्रिंटर धडाधड कागद ओकू लागला. साहेबांचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजे समोर बसलेला कोणीबी हे करू शकते?"

"हो सर. त्या मेनूलेबी कुलूप लावता येते. लावू काय?"

"राहू द्या. तुमचं कुलूप पाह्यलं आता."

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराला भलंमोठं पितळी कुलूप लागलं. किल्ली साहेबांच्या खिशात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी साहेब मीटिंगसाठी बुलडाण्याला गेले, किल्लीही गेली. मी वर्गातल्या फळ्यावर कीबोर्ड काढला आणि सॉफ्टवेअर कसं बसवायचं ते शिकवायला लागलो.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली, फळ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, "सर, आता एंटर दाबू काय?"

"दाब," मी म्हणालो.

तिनं दाबलं. बोटाला खडू लागला.