टाकीवरचा चुलतभाऊ

बलभीम घोडके मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो आभाळात होता. शिक्षक म्हणून बदली होऊन मी जळकोटपासून आत असलेल्या या गावात उतरलो, ती पहाट धुक्याची होती आणि गावात पूर आला होता. आभाळातून नव्हे, नळातून. पाणी असं वाहत होतं की एक म्हैस पोहत शाळेच्या दिशेनं निघाली होती, मारुतीला गळ्यापर्यंत अंघोळ घडली होती आणि कुठल्याशा धरणावरची बदकं जागा बघून गेली म्हणतात. मी ट्रंक डोक्यावर घेऊन वर पाहिलं. धुक्यातून दोन पाय लोंबकळत होते. नुसते पाय. त्यांच्या वर ढग. त्या ढगातून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "नवीन सर का? थांबा, बंद करतो. जरा इचारात होतो."

बलभीम गावाला पाणी सोडायचा आणि उरलेला वेळ टाकीच्या कठड्यावर बसून विचारात असायचा. पुढं मीही त्याच्या शेजारी जाऊन बसू लागलो. तिथून पहाटेचं गाव दुधात बुडवून ठेवल्यासारखं दिसे. बलभीम डोळे मिटून सांगे, आता पाणी चावडीखालून चाललंय, आता वळलं, आता आमच्या मंडळींच्या हंड्यात पडतंय. झोपेत चालणाऱ्या माणसामागून हळूच जावं तसा तो त्या पाण्यामागून जायचा. शांताक्का त्याची बायको, अक्कलकोटाकडची. त्या घरातलं जागं राहण्याचं काम तिच्याकडं होतं.

बलभीमचं एकच मागणं होतं. वर्षानुवर्षं रोजंदारीवर काढल्यावर त्याला कायम व्हायचं होतं. तसा नियमही आला होता. ग्रामपंचायतीनं फक्त नाव पाठवायचं होतं. नाव गेलंही. तेव्हापासून बलभीम मनातल्या मनात खाकी कपड्यांत हिंडायला लागला. पेन्शनीत निघाल्यावर काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाला, टाकीवरच बसणार, पण पाणी दुसऱ्यानं सोडायचं.

गावात दुसरे घोडके होते ते इंद्रजितराव. तालुक्याचे पुढारी. या दोन घोडक्यांमध्ये आडनावापलीकडं काही नव्हतं; एकमेकांच्या लग्नात ते पंगतीला बसत नसत, की मयताला खांदा देत नसत. इंद्रजितरावांच्या घरात सगळी खाती होती. पत्नी सोनालीताई सरपंच. सोनालीताईंचा भाऊ मल्हारराव नव्या पाइपलाइनचा कंत्राटदार. काम चांगलं झालं का, हे तपासणारा इंजिनिअर म्हणजे इंद्रजितरावांचा पुतण्या. ठराव जेवताना मांडला जायचा आणि हात धुताना मंजूर व्हायचा. त्या पाइपलाइनमधून पाणी सोडून बाकी सगळं गेलं.

शेवटी कुणीतरी जिल्ह्याला तक्रार केली. पेपरात छापून आलं. चौकशीला साहेब आले, पत्रकार आले, ग्रामसभा भरली. इंद्रजितराव उठले. त्यांचा आवाज भरून आला होता.

"घराणेशाही म्हणता ना? मग ऐका. पाणीपुरवठ्याच्या कायम जागेसाठी गेलेलं बलभीम घोडके हे नाव आज मी मागं घेतो. माझ्या चुलत्याचा मुलगा हाय त्यो. काळजाला घरं पडत्यात, पण घरातल्या माणसाला पद न्हाय."

साहेबांनी आडनाव ताडून पाहिलं. जुळलं. टाळ्या सुरू झाल्या. गावातल्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं, मग सोनालीताईंकडं, आणि टाळ्यांत हात मिसळले. गावाला घरकुलाचे हप्ते यायचे होते. इंद्रजितराव खाली उतरले आणि त्यांनी बलभीमच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला.

बायकांमधून शांताक्का उभी राहिली. एरवी ती इंद्रजितरावांना मालक म्हणायची.

"भावजी," ती म्हणाली, "चुलतभाऊ म्हणता, तर आमच्या वाटणीचं रान कुठल्या अंगाला हाय तेवढं दावा. उद्या पेरायला जातो आमी."

इंद्रजितराव हसले, हात जोडले.

"वहिनी, घरातलं घरात बोलू."

साहेबांना कुटुंबातला जिव्हाळा फार आवडला. तक्रारीत तथ्य नाही, असं ते जाताना म्हणाले.

संध्याकाळी बलभीम टाकीवर होता. मी धापा टाकत वर गेलो. खाली चुलींचा धूर पसरला होता आणि घरं त्यात सैल होऊन तरंगत होती. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो, पण तो इंद्रजितरावांच्या बंगल्याकडं पाहत हसत होता. त्याला तिथल्या झोपाळ्यावर तो स्वतःच बसलेला दिसत होता. कुणीतरी त्याला चहा विचारत होतं. थोरल्या वहिनी म्हणून सोनालीताई रागावत होत्या, पाणी सांडू नका भावजी.

"लई ऊबदार हात हाय त्यांचा, सर," तो म्हणाला.

"बलभीमराव, अहो नोकरी गेली तुमची."

"गेली की. पण घरातला म्हणून गेली. परका म्हणून गेली असती तर वाईट वाटलं असतं."

खालून शांताक्कानं हाक मारली, की उतरताय का शिडी काढून नेऊ. बलभीम उतरला. त्याचे पाय पायऱ्यांवर होते, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.

पुढच्या महिन्यात ती कायम जागा मल्हाररावांच्या साडूला मिळाली. त्याचं आडनाव वेगळं आहे. तो पुण्यात राहतो. पाणी अजून बलभीमच सोडतो, रोजंदारीवर.