वर बघा, काकू

"वर बघा, काकू. वर म्हणजे वर. पंख्याकडे नको, त्याच्या पलीकडे."

आता तुम्हीच सांगा, पंख्याच्या पलीकडे असतं काय? छत. छताच्या पलीकडे पहिल्या मजल्यावरच्यांचं स्वयंपाकघर. तिथे बघायचं कसं? पण आमच्या पार्लरवालीला असले प्रश्न विचारायची सोय नव्हती. तिच्या एका हातात काजळाची पेन्सिल असे आणि दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या गालावर. डोळ्यापाशी टोकदार वस्तू धरून उभ्या असलेल्या बाईशी वाद घालू नये, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. बाकीची नव्हती.

तेव्हा म्हणजे मी बासष्टची होते. अगदीच कोवळं वय. नोकरीतून नुकती सुटलेली, आणि शाळेच्या मैत्रिणींनी भेटायचं ठरवलेलं. शाळेत एक मुलगी माझ्या बारीक डोळ्यांना 'बटणाची काजं' म्हणायची. तीही येणार होती. तेव्हा या खेपेला डोळे मोठे करून जायचं, असं त्या येड्या बाईने, म्हणजे मीच, ठरवलं आणि मरोळच्या आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या पार्लरची काच ढकलली.

पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि एक लेक. लेक आईच्या हाताखाली काम करायची. आई पन्नाशीची, मूळची मालवणकडची, वाढलेली वाकोल्यात. बोलणं मुंबईचं; जिवाला लागलं की मालवणी बाहेर यायचं.

"नुसतं लावून देऊ नकोस. मला शिकव," मी म्हटलं.

"शिकायचंय? मग आधी तोंड धुवून या."

"सकाळी धुतलंय की."

"सकाळचं सकाळी गेलं. पापणीवर तेल आहे तुमच्या. तेलावर रेघ ठरते का कधी? जा."

तोंड धुवायचं. पुसायचं नाही, टिपायचं. पापणीवर बोटभर पावडर, मग गप्प बसायचं. कोपर टेबलावर टेकवायचं, नाहीतर हात नाचतो. एका झटक्यात रेघ ओढायची नाही. केसांच्या मुळाशी ठिपके द्यायचे आणि ते जोडायचे. "रांगोळी येते ना? मग झालं तर," ती म्हणायची. रांगोळी काढताना डोळा मिटावा लागत नाही, हे तिला कोण सांगणार? त्यात वरच्या पापणीला रेघ काढायची तर खाली बघायचं, आणि खालच्या पापणीत काजळ घालायचं तर वर बघायचं. शिवाय आरशातला डावा तो माझा डावा की उजवा? माझा जो गोंधळ उडायचा तो उडायचाच. एकदा मी एकाच डोळ्याला दोनदा रेघ काढून घरी गेले. ह्यांनी जेवताना विचारलं, "कुठे आपटलीस का?"

असंच एकदा ती माझ्या डोळ्याशी झटत होती. लेक टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी सहज विचारलं, "हिचं काय ठरवलंयस?"

"काय ठरवणार? अठ्ठाविशीची झाली. माझं तर डोकंच चालत नाही." मोठा सुस्कारा. आणि लगेच, "वर बघा, काकू."

मला भरून आलं. एवढ्या विश्वासाने अख्ख्या सोसायटीत तिने मला सांगावं!

"कसा बघू?"

"सरळ. एकदम सरळ."

"बरं."

"फार लांबचं नको. जवळच बघा. आणि घाई केलीत तर वाट लागेल हां."

सगळं कसं स्पष्ट होतं. सरळ, जवळचा, आणि घाई नको. घरी जाताच मी मुलुंडला नणंदेला फोन लावला. तिचा मुलगा सरळ होता, इतका सरळ की कुणाकडे बघायचाही नाही. मुलुंड काही फार लांब नाही. घाई मात्र मला आवरली नाही. रविवारी त्या दोघांना घेऊन मी पार्लरच्या दारात उभी.

ती कुणाच्या तरी भुवया करत होती. दोऱ्याचं टोक दातात तसंच धरून म्हणाली, "हे कोण?"

"वर," मी म्हटलं.

तिने छताकडे पाहिलं.

मग सगळा उलगडा झाला तेव्हा खुर्चीतली बाई एक भुवई करायची राहिलेली असतानाच पोट धरून हसायला लागली. मला वाटलं, आता जमिनीत शिरावं. पण लेकीने त्या सरळ मुलाला पाणी दिलं, त्याने पहिल्यांदाच एका मुलीकडे मान वर करून पाहिलं, आणि पुढे चार महिन्यांत लग्न ठरलं. त्यानंतर आमची पार्लरवाली गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगायची, "मीच काकूंना सांगितलं होतं, वर बघा म्हणून." चेहऱ्यावरची एक रेघ हलायची नाही. तिने खरंच तसं सांगितलं होतं की काय, याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही.

लग्नाला दोन आठवडे असताना पार्लरवालीच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चूळ भरायला गेली तर पाणी एका बाजूने गळायला लागलं. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा डोळा सताड उघडा, मिटेचना. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, बरी होईल, पण वेळ लागेल. वेळच नव्हता ना!

लग्न वाकोल्याच्या हॉलमध्ये. सकाळी लेकीचे डोळे तिनेच केले, स्वतःच्या डोळ्यातलं पाणी रुमालाने टिपत टिपत. पोरीला गौरीहरापाशी नेलं, तशी ही खोलीत पलंगावर बसली. अंगावर घरचीच साडी. मी नवऱ्यामुलाची मामी, मिरवत आत डोकावले.

"अगं, अजून तयार नाहीस? गुरुजी कन्यादानाला बोलावतील."

"कन्यादानाला मोठी जाऊ आणि दीर बसतील. हे आणि मी जेवणाकडे बघतो."

"तू असताना जाऊ कशाला?"

"हे तोंड घेऊन बसू? फोटो जन्मभर राहतात, काकू. सासरी अल्बम उघडला की विचारतील, ही वाकड्या तोंडाची कोण?"

"सासरचे म्हणजे आम्हीच की. मी नाही विचारणार."

"तुमची नणंद विचारील."

नणंदेने विचारलंच असतं.

एकुलत्या एका लेकीचं कन्यादान, आणि आई आत बसून वरणभाताची चौकशी करणार? मी तिची पेटी उघडली आणि पेन्सिल काढली.

"तोंड धुवून ये."

"माका नको ता."

"धुवून ये म्हणते ना!"

ती गेली, आली. टिपलेला चेहरा, एक डोळा मिटलेला, एक सताड माझ्याकडे. "आत काजळ नको, डॉक्टरांनी सांगितलंय. वरून बारीक रेघ चालेल," एवढंच म्हणाली. मी कोपर टेकवलं आणि डोक्यातलं होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं.

"आता वर बघायला सांगू की खाली?"

"काकू! इतके महिने काय शिकलात?"

"काहीच नाही गं."

ती हसली. अर्ध्याच तोंडाने, पण मनापासून. मी ठिपके दिले, जोडले. एका डोळ्याची रेघ जाड झाली म्हणून दुसरी तेवढी केली, मग दुसरी जास्त झाली म्हणून पुन्हा पहिली. शेवटी तिनेच माझा हात धरून थांबवला आणि आरसा घेतला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघितलं.

"जाड झालीय."

"हो."

"दोन्हीकडे सारखीच जाड झालीय."

"हो."

"मग ठीक आहे. साडी द्या ती."

बाहेर गुरुजी मुलीच्या आईवडिलांना हाका मारत होते. जाऊबाई नवी पैठणी सावरत पाटावर बसल्यासुद्धा होत्या. ही भरल्या मांडवातून सरळ चालत गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"उठ गो," म्हणाली.

दिवाळीपर्यंत तिचं तोंड बरंचसं सरळ झालं. गेल्या वर्षी मात्र साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. पार्लरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

लग्नाचा अल्बम मुलुंडला नणंदेकडे असतो. त्यात कन्यादानाचा फोटो आहे. पाण्याची धार पडतेय, तिचा नवरा गंभीर, लेक रडतेय, गुरुजींचं तोंड उघडं. आणि पार्लरवालीचा डावा डोळा मिटलेला, उजवा उघडा. "विहीणबाईंनी भर कन्यादानात डोळा मारलाय," म्हणून नणंद येणाऱ्याजाणाऱ्याला तो फोटो दाखवते. मी दर वेळी समजावते, अगं, फ्लॅश पडला, एक डोळा मिटला, दुसरा मिटतच नव्हता. फोटोतल्या निम्म्या लोकांचे डोळे मिटलेत, बघ.

पण एक मला कळत नाही. फोटोवाला समोर उभा होता, आणि मी बाजूला, खांबाशी. तिची मान माझ्याकडे वळलेली आहे. मग तो डोळा फ्लॅशने मिटला, की मुद्दाम?

नणंद चहा टाकायला आत गेली की मी अल्बम जवळ ओढते, आजूबाजूला कुणी नाही असं बघते, आणि मीही तिला एक डोळा मारून घेते.