समोरच्या मावशी आणि पचमढीचा गोळाभात

भोपाळहून एका दिवसात जिथे पोचता येतं, त्या प्रत्येक गावात वरण कसं शिजतं हे आमच्या समोरच्या मावशींना जेवढं ठाऊक होतं, तेवढं त्या गावच्या लोकांनाही ठाऊक नसेल. माणसं प्रवासाला निघताना तिथे बघण्यासारखं काय आहे ते विचारतात. मावशी विचारत, "तिथे स्वयंपाक कोण करतं?" पहिल्यांदा सांचीला गेल्या तेव्हा त्यांनी स्तूप पाहिलेच नाहीत. वाटेवरच्या एका धाब्यावर चुलीत वांगं भाजताना दिसलं आणि त्या तिथेच बसल्या. स्तूप दुसऱ्या खेपेला पाहिले. "चांगले आहेत," असा त्यांनी अभिप्राय दिला. "पण स्तूप काय, कुठे पळून जातात? भरीत थंड होऊन राहिलं होतं ना!"

कारखान्याच्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आमचं क्वार्टर, आणि जिन्याच्या पलीकडे अगदी दारासमोर दार त्यांचं. मी लग्न होऊन पुण्याहून आले, तेव्हा नवऱ्याने ओळख करून दिली ती "या समोरच्या मावशी" अशीच, आणि पुढे तेच त्यांचं नाव झालं. कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात त्या टायपिस्ट होत्या. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हा या लहान होत्या; बाळपण सगळं शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. त्यामुळे त्यांची मराठी निम्मी नागपूरची आणि निम्मी भोपाळची होती. "मी येऊन राहिली ना, तू बिलकुल टेन्शन नको घेऊ," हे त्यांच्या तोंडचं पहिलं वाक्य ऐकून मला या बाई कुठली भाषा बोलतात असं वाटलं होतं. वर्षभराने माझी आई पुण्याहून आली. मी तिला म्हटलं, "आई, तू बस, मी चहा करून राहिले." आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही, असं कॉलनीतल्या एखाद्या नव्या बाईने विचारलंच, तर अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणत, "सुट्टीच मंजूर नाही झाली." आणि सुट्टी हा त्यांचा खरोखरच जिव्हाळ्याचा विषय होता. कारखान्याची वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी त्याच टाइप करत. त्यामुळे कुठला सण शुक्रवारी येतो आणि कुठला सोमवारी, हे जनरल मॅनेजरच्याही आधी मावशींना कळे. रविवारला लागून आलेली सुट्टी दिसली की त्यांचा चेहरा असा खुले, की जणू पंचांगकर्त्याने ती खास त्यांच्याकरता घडवून आणली आहे. एखादा सण रविवारीच आला, तर मात्र त्या आठवडाभर उदास असत. ते त्यांना सरळसरळ फसवणुकीसारखं वाटे.

प्रवासाचे त्यांचे नियम ठरलेले. उशीचा अभ्रा आपला. साबण आपला. खायचं मात्र आपलं काहीही न्यायचं नाही. आपल्या मराठी माणसाला हा नियम पचायला किती जड जातो, ते सांगायला नको. पहिल्याच वर्षी त्यांनी कॉलनीतल्या आम्हा सात-आठ जणींना एका दिवसासाठी भोजपूरला नेलं. मी नव्या उत्साहात पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आणि डबा शालीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी लपवला. बस सुटून पाव तास झाला नसेल, तोच मावशींनी नाक वर केलं.

"कोणी लसूण आणला आहे?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. मावशी सरळ माझ्यापाशी आल्या, डबा काढला आणि ड्रायव्हरपासून मागच्या सीटवरच्या भाजीवालीपर्यंत सगळ्या बसला दशम्या वाटून टाकल्या. रिकामा डबा माझ्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, "मस्त झाल्या आहेत. पण तुझ्या हातचं मी रोजच खाते ना गं. भोजपूरचं भोजपूरलाच मिळते." त्या दुपारी बेतवेच्या काठी गोवऱ्यांवर भाजलेल्या बाट्या तुपात बुडवून खाल्ल्या, तेव्हा पोटात जागा असल्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

हॉटेल असो, धाबा असो की एखादं झुल्यांचं आणि कारंज्यांचं रिसॉर्ट असो, मावशी पहिल्यांदा साधं वरण-भात मागत. वेटर शाही पनीरपासून सुरुवात करून पाच-सहा नावं घेई. मावशी शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "भैया, वो सब रात को. अभी दाल-चावल." वरण आलं की एक घास खाऊन डोळे मिटत. मान हलली तर मुक्काम पक्का. नाही हलली, तर त्या उठून थेट स्वयंपाकघरात जात. भांडायला नव्हे, तिथे त्या कमालीच्या गोड बोलत. "भैया, हाथ तो आपका बढ़िया है, बस आँच थोड़ी कम," असं म्हणत म्हणत त्या हिंगाचा डबा कधी हातात घेत, ते आचाऱ्यालाही कळत नसे. ज्याला चारचौघांपुढे हसलं असतं तर तो चिडला असता, असा माणूस अर्ध्या तासाने त्यांना आपल्या गावाकडच्या गोष्टी सांगत असे.

हे सगळं आम्ही एक गंमत म्हणून बघत होतो. मग दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात वर्ध्याला माझ्या सासूबाई वारल्या.

सासरे हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. बायको गेल्यावर तिथे एकटे कसे राहणार, म्हणून नवरा त्यांना भोपाळला घेऊन आला. ते आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि तिथेच राहिले. बोलणं जवळजवळ थांबलं. पानावर बसत, दोन घास घेत आणि "झालं" म्हणून उठत. कॉलनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. रोग काहीच नव्हता. मी रोज नवं काही करून बघत होते. कधी मऊ खिचडी, कधी भाकरी, कधी शिरा. दोन घास आणि "झालं". सदरा त्यांच्या अंगावर हँगरवर लटकवल्यासारखा दिसू लागला. मी पुण्याची, ते विदर्भातले. माझ्या हाताला त्यांच्या घरची चव नाही म्हणूनच ते जेवत नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं. एक दिवस ताट तसंच परत आलं आणि मी दाराबाहेर जिन्यात येऊन रडत उभी राहिले. मावशी ऑफिसातून येत होत्या.

"काय झालं?"

"बाबा जेवत नाहीत."

"किती दिवसांपासून?"

"दीड महिना झाला."

त्यांनी कुलूप उघडलं, पर्स आत ठेवली आणि परत बाहेर आल्या. "परवा शनिवार, सोमवारी सुट्टी. पचमढीला जाऊ. सगळे."

मी म्हटलं, "मावशी, घरात एवढं झालंय आणि आम्ही फिरायला जायचं? लोक काय म्हणतील?"

"सुतक तेरा दिवसांचं असते. हा दीड महिन्याचा उपवास कोणत्या शास्त्रात लिहिला आहे, ते लोकांना विचारून ये."

आणि त्या सरळ सासऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. येता का, असं विचारलंच नाही. "काका, स्वेटर जाडं घ्या. पचमढीला थंडी फार असते." आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम देणाऱ्या माणसाला बहुधा पहिल्यांदाच कुणी एवढ्या निश्चयाने हुकूम दिला होता. शनिवारी सकाळी ते स्वेटर घालून तयार होते.

पिपरियापर्यंत गाडी आणि पुढे घाटातून जीप. सासरे सगळी वाट सागाच्या झाडांकडे बघत होते, पण बोलले नाहीत. उतरलो ते एका जुन्या बंगल्याच्या रिसॉर्टमध्ये. लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या आणि मागच्या अंगणात स्वयंपाकघर. तिथले आचारी वयस्क होते. सगळे त्यांना महाराज म्हणत. वरणाच्या परीक्षेत महाराज पहिल्या घासालाच उत्तीर्ण झाले. मावशींनी डोळे मिटून मान हलवली. सासऱ्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जटाशंकरचं गुहेतलं देऊळ पाहिलं. नवऱ्याने वडिलांना हात धरून पायऱ्या उतरवल्या. परत आल्यावर मावशींनी स्वयंपाकघराच्या दारात, उन्हात, एक खुर्ची टाकली आणि सासऱ्यांना तिथे बसवलं. मग पदर खोचून आत गेल्या.

"महाराज, आज आपको हमारे नागपुर का गोलाभात सिखाते हैं."

मी जवळच कोथिंबीर निवडत बसले होते. गोळाभात मावशींच्या घरी महिन्यातून दोनदा होई, आणि त्या गरम तेलाच्या फोडणीचा वास जिना ओलांडून आमच्या घरात येई. त्या दिवशी मात्र त्यांनी परात घेतली, डाळीचं जाड पीठ घेतलं आणि त्यात भसाभसा पाणी ओतलं. भज्यांचं भिजवावं तसं. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. मी काही बोलणार तोच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कोथिंबिरीत डोकं घातलं. मग त्यांनी आणखी एक तांब्या उचलला.

"अहो बाई!"

दीड महिन्यात तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. सासरे खुर्चीतून उठले होते.

"काय करून राहिल्या तुम्ही? पाणी काय ओतता? फेका ते. दुसरं पीठ घ्या. आधी तेलाचं मोहन. गरम तेल. पाण्याचा नुसता हात लावायचा."

"असं होय?" मावशी अगदी भाबड्या चेहऱ्याने म्हणाल्या. "मला वाटलं, चालते."

"चालत नाही!"

सासऱ्यांनी जन्मात कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं. पण चाळीस वर्षं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून मुलांच्या वह्या तपासत आले होते, आणि वह्यांबरोबर त्यांनी समोर चाललेलं सगळं पाहिलं होतं. हळद किती, तिखट किती, भात अर्धा शिजला की गोळे वरून कधी सोडायचे, सगळं त्यांना पाठ होतं. महाराज पीठ मळू लागले, ते "जी बाबूजी, जी बाबूजी" करत. पुढे त्यांनी लाडवासारखा एक गुळगुळीत गोळा वळून दाखवला.

"नाही, नाही. असा नाही. द्या इकडे." सासऱ्यांनी पीठ हातात घेतलं आणि मूठ दाबली. उघडली, तर गोळ्यावर चार बोटांच्या खाचा उमटल्या होत्या. "ती असा करायची. बोटांचे ठसे राहिले पाहिजेत. फोडणीचं तेल त्यात थांबते."

कोण ती, असं कुणी विचारलं नाही. सासरे आपल्या तळहाताकडे बघत होते. मग त्यांनी परातीतलं सगळं पीठ संपेपर्यंत एकेक गोळा स्वतःच केला. दारात नवरा कधी येऊन उभा राहिला, मला कळलं नाही. तो आत आला नाही.

जेवायला बसलो, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या पानाकडे बघायचं टाळलं. नवरा भिंतीवरच्या वाघाच्या चित्राकडे बघत होता. सासऱ्यांनी गोळा भातात कुस्करला, वर तेल घेतलं. दोन घास झाले. तीन झाले. पान रिकामं झालं आणि त्यांनी भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तीही कमीच घालायची. मी रोज बोलायचो तिला." आणि त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिले. मावशींनी मान वळवून हाक दिली, "महाराज, बाबूजी को तेल और देना."

परत आल्यावर ते एकदम बरे झाले असं नाही. पण जेवू लागले, बोलू लागले, आणि मुख्य म्हणजे मावशींशी वाद घालू लागले. पुढची सात वर्षं आमच्या सगळ्या सुट्ट्या या दोघांनी मिळून ठरवल्या. मांडूला पळसाच्या पानांत भाजलेले पानिये खाल्ले, बऱ्हाणपूरला खव्याची जिलबी खाल्ली, महेश्वरला घाटावर बसून नर्मदेकडे पाठ करून कचोरी खाल्ली. मावशी वरण तपासत आणि सासरे आचाऱ्यांना गोळाभात शिकवत. रिसॉर्टवाले आधी घाबरत आणि निघताना फाटकापर्यंत पोचवायला येत. सासरे गेले ते झोपेतच, शांतपणे. आदल्या संध्याकाळी त्यांनी दोन वेळा भात घेतला होता. देवाने दिलेली ती सात वर्षं मी मावशींच्या खात्यावर मांडते.

त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. त्या रिटायर झाल्या आणि नागपूरला भाचीकडे राहायला गेल्या. आम्ही भोपाळमध्येच, सोनागिरीत घर घेतलं. गेल्या हिवाळ्यात नागपूरला गेले, तेव्हा दुपारी त्यांच्याकडे गेले. गुडघे पार गेले आहेत. पलंगावर बसून मटार सोलत होत्या. मीही एक मूठ शेंगा घेतल्या, आणि एवढ्या वर्षांचं एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, "मावशी, तेव्हा तुम्ही बाबांना पचमढीला नेलं नसतं तर..."

"मी नेलं?" त्या हसल्या. "बाई गं, त्यांनी मला नेलं."

मला कळलं नाही.

"तुम्ही लोक सोबत येण्याआधी मी एकटीच फिरायला जायची ना. अर्ध्या ठिकाणी खोलीच नाही द्यायचे. साथ में कौन है? कोणी नाही म्हटलं की काउंटरवाला रजिस्टर बंद करायचा. किती वेळा स्टेशनच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसून राहिली आणि सकाळच्या गाडीने परत आली. ऑफिसात सांगायची, मस्त झाली ट्रिप." त्यांनी दाणे वाडग्यात टाकले. "पचमढीला काकांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. मास्तरचं अक्षर, काय सुंदर! नावं लिहिली चौघांची, आणि पुढे लिहिलं, परिवार."

मी शेंग हातात धरून बसले होते.

"मी बाजूलाच उभी होती," मावशी म्हणाल्या. "दोनदा वाचलं."