टीव्ही कुशीवर ठेवणाऱ्या सुमनअक्का

बिघडलेला टीव्ही समोर आला की सुमनअक्का लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नसत. खुर्ची ओढून त्या टीव्हीसमोर नुसत्या बसत. पाच मिनिटं, कधी दहा. घरातली माणसं चुळबुळ करायला लागली की म्हणत, "जरा थांबा की. काय झालंय ते त्यो सांगायलाय. आपन ऐकून तर घेऊ." गिऱ्हाइकाला वाटायचं, बाईला काही येत नसावं. मग अक्का उठत, मागचं झाकण काढत आणि बहुतेक वेळा पहिल्यांदा हात घातला तिथंच दुखणं सापडे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला उमरग्यात, हायवेला लागूनच, आमच्या सुशिक्षित बेकारांच्या सहकारी संस्थेचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी काउंटरवर बसायचे. तुळजापूरच्या शिक्षकाची मुलगी, लग्न होऊन इथं आलेली; मला टीव्हीतलं फक्त बटण कळायचं. सुमन बनसोडे जळकोटकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर रस्त्याच्या कामावर त्यांनी खडी फोडली होती. पुढं शिकल्या, आयटीआयला गेल्या. वर्गात मुलगी एकटीच. हाताला पडलेले घट्टे दाखवून म्हणायच्या, "हातोडा बी ह्याच हातानं धरला अन् सोल्डरिंगची कांडी बी. कांडी हलकी असती, येवढाच फरक." वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या, पण मी त्यांना अक्काच म्हणायचे. सगळं दुकानच म्हणायचं.

एके दिवशी बसस्टँडमागच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा निरोप आला. त्यांचा रंगीत टीव्ही बिघडला होता. बाकीचे मेस्त्री खेड्यापाड्यांत गेलेले, म्हणून अक्का निघाल्या आणि पावतीपुस्तक घेऊन मी. दार डॉक्टरांच्या आईनं उघडलं. आमच्या मागं कुणी आहे का ते वाकून पाहिलं आणि विचारलं, "मेस्त्री कुठंय?"

"मेस्त्री म्याच हाय," अक्का म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.

आतल्या खोलीत डॉक्टरांचा धाकटा भाऊ, वसंत, उजव्या कुशीवर निजलेला होता. आखातात बांधकामावर असताना तो परांचीवरून पडला होता. पाठीचं ऑपरेशन तिकडंच झालं. परतताना त्यानं सोबत एक खेळाचा डबा आणला होता. टीव्हीला जोडायचा आणि विमानानं शत्रूची विमानं पाडायची. तिकडं त्याच्या खोलीशेजारच्या दुकानात हाच खेळ मोठ्या यंत्रावर असायचा. कामावरून आला की तो तिथं खेळायचा. त्या यंत्राचा पडदा उभा, दारासारखा. विमान खाली आणि वर लांबलचक आभाळ.

"तिथं विमानं लांबून येताना दिसायची," वसंत सांगत होता. "ह्या टीव्हीचा पडदा आडवा. दिसलं विमान की डोक्यावरच. हात हलवायला वेळच मिळत नाही. म्हणून मी डब्यात हे-ते दाबून बघितलं, तर चित्रच फिरलं. सगळे म्हणतात, आडवं झालं."

खरंच, पडद्यावर सगळंच आडवं पडलेलं होतं. आपलं विमान डाव्या टोकाला आणि शत्रू उजवीकडून येतायत. आकडे, अक्षरं, सगळं लोळलेलं. आधी आलेल्या एका मेस्त्रीनं डबा बाद झाल्याचं सांगितलं होतं. अक्का खुर्ची ओढून बसल्या.

"रातच्या बातम्या सरळ दिसत्यात?"

"दिसतात," डॉक्टर म्हणाले.

"मग टीव्हीला काय झालेलं न्हाय." मग त्या एकदम खुर्चीवरून उतरून फरशीवर बसल्या आणि वसंताच्या डोक्याशेजारी आपलं डोकं त्याच्यासारखं आडवं केलं. "वसंतराव, तुमाला कसं दिसतंय?"

वसंत पहिल्यांदाच हसला. "मला सरळच दिसतंय की! मी तेच सांगत होतो, पण ऐकतंय कोण?"

अक्कांनी आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. डबा चांगला होता. बनवणाऱ्यानंच तशी सोय ठेवली होती. ज्याला उभ्या पडद्याची मजा हवी त्यानं टीव्ही कुशीवर ठेवायचा आणि चित्र आडवं करायचं. मग दोन्ही मिळून सरळ. इथं टीव्ही सरळ आणि बघणारा कुशीवर, एवढाच फरक. "बिघाडच न्हाय, तर दुरुस्तीचे पैसे कशाचे?" म्हणून त्यांनी मला पावतीपुस्तक मिटायला लावलं. परतताना मी इतकी खूश होते की भेटेल त्याला ती गोष्ट सांगत सुटले.

पंधरा दिवसांनी डॉक्टर स्वतः दुकानात आले. टीव्ही छान चालला होता, पण वसंत दिवसभर खेळतच राहायचा. "मणके जुळलेत, बाई. एव्हाना त्यानं उठून बसायला पाहिजे. रोज सांगतो. पण पडल्याची भीती डोक्यातून जात नाही. बसवायला गेलं की ओरडतो. असाच निजून राहिला तर पाठ कायमची जाईल." एवढा मोठा डॉक्टर, पण सख्ख्या भावापुढं त्याचं काही चालत नव्हतं.

ते गेल्यावर अक्का म्हणाल्या, "मालती, म्या काय केलं बघ. त्याला झोपून ऱ्हायची सोय करून दिली."

"अक्का, तुमचा काय दोष त्यात? ते काम डॉक्टरांचं."

"टीव्ही तर माझं काम हाय का न्हाय?"

अक्कांनी तो टीव्हीच कुशीवर ठेवायचं ठरवलं. संस्थेच्या चेअरमनना कळल्यावर त्यांनी विरोध केला. रंगीत टीव्ही आडवा केला तर चित्राचे रंग फाटतात, त्यातून काही बिघडलं तर संस्थेची बदनामी. "आणि लोक काय म्हणतील? बाई माणसानं टीव्ही पाडला." अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बिघडला तर माझं नाव सांगा. चांगला झाला तर संस्थेचं सांगा."

हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या वेल्डरकडून त्यांनी लोखंडी पट्ट्यांचा एक घोडा बनवून घेतला. त्यावर टायरची रबरं ठोकली, म्हणजे टीव्ही घसरायला नको. टीव्ही बाजूवर ठेवला तर हवेची भोकं बंद होऊन तो तापेल, म्हणून खाली चार बोटं जागा सोडली. मोटारीच्या तांब्याच्या तारेचं, परातीएवढं एक गोल कडं त्यांनी आधीच बनवलेलं होतं. रंग फाटलेच तर जुळवायला ते बरोबर घेतलं.

डॉक्टरांच्या घरी चौघांनी मिळून टीव्ही डाव्या कुशीवर घोड्यावर ठेवला. सुरू केला तर आभाळाला एका कोपऱ्यात जांभळा डाग आणि दुसऱ्या कोपऱ्यात हिरवा. डॉक्टरांच्या आईनं कपाळाला हात लावला. अक्कांनी टीव्ही बंद केला. त्यांनी ते कडं विजेला जोडलं, पडद्यासमोर गोल गोल फिरवत एकेक पाऊल मागं सरकत दारापर्यंत गेल्या आणि तिथं कड्याचं बटण बंद केलं. पुन्हा टीव्ही लावला. डाग नव्हते. वरपासून खालपर्यंत उभं, निळं, स्वच्छ आभाळ.

"मला नीट दिसत नाही," वसंत उशीवरून म्हणाला. त्याच्यासाठी आता सगळं आडवं झालं होतं.

"दिसंल की. उठून बसा."

"अक्का, दुखतं."

"दुखनारच. म्या कुठं म्हनलं दुखनार न्हाय म्हनून?" अक्का पलंगाच्या कडेला बसल्या. "खडी फोडताना पैल्या दिवशी माझी आय मला म्हनली, धा दगड फोड अन् ऊठ. शंभराचं नाव काढू नको. तुमी बी एक विमान पाडा अन् निजा. एकच."

डॉक्टरांनी एका बाजूनं धरलं, त्यांच्या आईनं दुसऱ्या. वसंत ओरडला, घामानं भिजला, पण बसला. अक्कांनी खेळाची दांडी त्याच्या हातात दिली. वरून, लांबून, एक ठिपका खाली यायला लागला. "दिसलं," तो म्हणाला, "आत्तापासूनच दिसतंय." त्यानं ते विमान पाडलं. मग दुसरं पाडलं. तिसऱ्यानं त्याला पाडलं तेव्हा तो शिवी हासडून "परत लावा" म्हणाला. त्याच्या आईला रडू आवरेना. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचे कप घेऊन आल्या. पहिला त्यांनी अक्कांच्या हातात दिला.

त्यानंतर तो रोज बसायला लागला. महिन्याभरात भिंतीला धरून उभा राहिला. पाऊस संपायच्या सुमाराला काठी टेकत, भावाबरोबर आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढून आला. "अक्का, आता टीव्ही सरळ करून द्या. आईला बातम्या बघायच्यात." दुकानातले सगळे मेस्त्री काम सोडून उभे राहिले. चेअरमननी समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमच्या बनसोडेबाईंचं काम आहे हे." संस्थेचं नाव घ्यायला ते विसरले.

पुढं अक्का आयटीआयमध्ये शिकवायला गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकून किती पोरी बाहेर पडल्या ते मला माहीत नाही, पण उमरग्यातच दोघींची दुकानं निघाली. मी येता-जाता मुद्दाम त्यांच्या पाट्या वाचते.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. विहारात शोकसभा झाली. अधिकारी, शिक्षक बरंच काही बोलले. शेवटी मागून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठून पुढं आले. ते वसंतराव होते. माईकसमोर येऊन त्यांनी अक्कांच्या फोटोकडं हात केला.

"मला ह्यांनी बसवलं," ते म्हणाले.

आणि कुणाचाही हात न धरता खाली सतरंजीवर बसले.